प्राचीन मेक्सिकोचें हिरवें रत्न

इ. स. १५२० सालच्या जून महिन्याची तिसावी रात्र. मेक्सिकोच्या पठारावर, सरोवराच्या मधोमध वसलेल्या तेनोच्तित्लान नगरींतून स्पॅनिश शिपाई अंधारांत पळ काढण्याच्या तयारींत होते. आस्तेकांचा राजा मोक्तेसुमा मरण पावला होता, सारें नगर खवळलें होतें, आणि बाहेर पडण्याची वाट म्हणजे पाण्यावरून गेलेला एक अरुंद बांध. त्या बांधावरील पूलही नगरवासीयांनीं काढून टाकले होते. राजवाड्यांत सोन्याचा ढीग पडला होता. स्पेनच्या राजाचा वांटा घोड्यांवर लादून झाल्यावर सेनापति एर्नान कोर्तेस यानें, उरलेलें सोनें ज्याला हवें असेल त्यानें खुशाल घ्यावें, अशी मोकळीक दिली. पुष्कळांनीं, विशेषतः नव्यानें येऊन मिळालेल्यांनीं, अंगावर मिळेल तेथें सोनें कोंबलें, आणि बांधाच्या खिंडारांत त्यांतले कितीतरी त्या ओझ्यासकट बुडाले.

बेर्नाल दिआस नांवाच्या एका शिपायानें सोन्याचा मोह धरला नाहीं. तेथल्या भांड्यांतून त्यानें चार हिरवे खडे मात्र उचलले आणि चिलखताखालीं छातीशीं दडवले. तो वांचला. पुढें त्या खड्यांच्या किंमतीवर त्यानें आपल्या जखमांवर उपचार करविले आणि पोटही भरलें. ही हकीकत त्यानेंच म्हातारपणीं लिहिलेल्या इतिहासांत नमूद केली आहे.

श्रोतेहो, हा शिपाई कांहीं रत्नपारखी नव्हता. परंतु सात-आठ महिने त्या नगरींत काढल्यामुळें एक गोष्ट त्याच्या पुरती ध्यानांत आली होती. ती अशी कीं, ह्या लोकांत सोन्याहून वरचा मान एका हिरव्या दगडाचा आहे. स्वतः मोक्तेसुमानें स्पेनच्या सम्राटाकडे पाठविण्यासाठीं असे कांहीं खडे दिले, तेव्हां त्यांतील एकेका खड्याची किंमत सोन्याच्या दोन ओझ्यांइतकी आहे, असें त्यानें बजावून सांगितलें होतें. त्याआधीं, १५१८ मध्यें, किनाऱ्यावर आलेल्या स्पॅनिश तुकडीनें हिरव्या कांचेचे मणी देऊन त्याबदलीं सोनें मिळविलें होतें. कांचेचे मणी घेणाऱ्या त्या लोकांना आपण भोळसट म्हणून हंसतों. पण त्यांनीं तो हिरवा रंग पाहून ते आपलेच अमोल खडे समजले होते. अर्थात् त्या सौद्यांत आपलाच फायदा झाला, असें दोन्ही पक्षांना वाटलें असावें.

त्या दगडाला आस्तेकांच्या नावाट्ल भाषेंत ‘चाल्चिविट्ल’ म्हणत. उच्चार कठीण आहे, आणि माझ्या तोंडून तो नीट उतरला असेलच असें नाहीं. म्हणून पुढें आपण सरळ ‘जेड’ असेंच म्हणूं. हा जेड शब्दही मूळचा त्याच प्रदेशाशीं निगडित आहे. हा दगड कमरेशीं बांधला असतां मूत्रपिंडाचा शूळ थांबतो, अशी समजूत स्पॅनिश लोकांत पसरली आणि त्यांनीं त्याला ‘कुशीचा दगड’ असें नांव दिलें. त्यांतील ‘कुशी’ या अर्थाच्या ‘इहादा’ शब्दाचा अपभ्रंश होत होत फ्रेंच व इंग्रजी भाषांत ‘जेड’ झालें. सेव्हिल शहरचा वैद्य निकोलास मोनार्देस यानें सोळाव्या शतकांत अमेरिकेंतील औषधींवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या दगडाची ही कीर्ति आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. जेड ह्या एका नांवाखालीं दोन निराळीं खनिजें मोडतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत मोगल अमदानींतल्या जेडच्या मुठींच्या कट्यारी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. फारसींत ज्याला यशम म्हणत, तें खनिज नेफ्राइट होय. मेक्सिको आणि ग्वातेमालाकडील प्राचीन लोकांचें जेड तें नव्हे, तें जेडाइट. तें थोडें अधिक कठीण व अधिक जड असतें. हा भेद अलेक्सी दामूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६३ मध्यें रासायनिक पृथक्करणानें दाखवून दिला. जेडाइट तयार होण्यास भूगर्भांतील एक विशिष्ट परिस्थिति लागते. भूकवचाचा एक तुकडा दुसऱ्याखालीं रेटला जातो त्या ठिकाणीं दाब प्रचंड असतो, पण त्या मानानें उष्णता कमी असते. अशा ठिकाणीं जन्मलेला खडक पुन्हां वर येणें हा योग दुर्मिळ. त्यामुळें जेडाइट जगांत फार थोड्या ठिकाणीं मिळतें. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, हें त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. दुसऱ्या ठिकाणाची गोष्ट मी शेवटीं सांगणार आहें, कारण तें ठिकाण जवळ जवळ चार शतकें हरवलें होतें.

आतां, हिरव्या दगडालाच एवढा मान कां? मेक्सिकोच्या दक्षिणार्धापासून ग्वातेमाला, बेलीज, होंडुरसपर्यंतच्या ह्या भूभागाला अभ्यासक मेसोअमेरिका म्हणतात. येथील सर्व समाज मक्यावर जगत, आणि मका पावसावर. कोंवळ्या मक्याच्या पानाचा रंग, साचलेल्या गोड्या पाण्याचा रंग, केत्साल पक्ष्याच्या लांब पिसांचा रंग, हे सर्व त्यांच्या लेखीं एकच होते. माया भाषेंत हिरवा आणि निळा ह्या दोहोंना मिळून ‘याश’ हा एकच शब्द आहे. आस्तेकांच्या जलदेवतेचें नांवच मुळीं ‘जेडचा घागरा नेसलेली’ असें होतें. जेडचे खडे शोधण्याचें एक शास्त्रही होतें. फ्रान्सिस्कन पंथाचा साधु बेर्नार्दिनो दे साआगून यानें वृद्ध आस्तेकांकडून माहिती घेऊन बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यांत असें सांगितलें आहे कीं, पारखी मनुष्य पहांटे उंचावर जाऊन सूर्याकडे तोंड करून उभा राही. जेथें जमिनींतून वाफेसारखें कांहीं मंद उठतांना दिसे तेथें तो खणी. कारण हा दगड श्वास सोडतो, ओलावा धरतो, आणि तो पुरला असेल तेथील गवत सदा हिरवें राहतें.

दगड श्वास घेतो, ही कल्पना नुसती काव्यमय म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. माया शिल्पांत राजाच्या नाकासमोर अनेकदां एक मणी अधांतरीं कोरलेला दिसतो. तो त्याचा प्राण. ही समजूत अंत्यविधींत तर फार स्पष्ट होते. साआगूनच्या ग्रंथांतच आहे कीं, राजा किंवा सरदार मेला तर त्याच्या तोंडांत जेडचा मणी ठेवीत, आणि तोच त्याचें हृदय होतो असें मानीत. सामान्य मनुष्य मेला तर? त्याच्याही तोंडांत दगड ठेवीतच, पण तो हलक्या प्रतीचा हिरवट दगड किंवा काळ्या ज्वालाकांचेचा तुकडा. मृत्यूनंतर हृदय सर्वांनाच हवें, परंतु तें ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणें.

जिवंतपणीं ही पायरी अधिकच कडक होती. दिएगो दुरान हा डोमिनिकन साधु आपल्या इतिहासांत पहिल्या मोक्तेसुमाचे कायदे देतो. हा राजा इ. स. १४४० ते १४६९ पर्यंत राज्यावर होता. सामान्य जनांनीं सुती वस्त्र नेसूं नये. अंगवस्त्र गुडघ्याखालीं जाऊं देऊं नये. कोणी तें घोट्यापर्यंत सोडलेलें दिसल्यास प्रथम त्याच्या पायावर लढाईंतील जखमेचा वण आहे कीं काय तें पाहावें, आणि वण नसेल तर त्याला देहदंड द्यावा. सोन्याचीं व मौल्यवान् खड्यांचीं कर्णभूषणें, ओठांत व नाकांत घालण्याचे अलंकार, हे थोर सरदार आणि नांवाजलेले वीर यांच्यापुरतेच होते. इतर शिपायांनीं हाडाचे, लांकडाचे किंवा अशाच हलक्या पदार्थाचे घालावेत. ह्या व्यवस्थेंत सर्वांत चमत्कारिक स्थिति व्यापाऱ्यांची होती. दूरदूरच्या प्रांतांतून जेड, पिसें आणि इतर दुर्मिळ वस्तु आणणारे हेच. पण ते सरदार नव्हते. म्हणून लांबच्या फेरीहून परत येतांना ते रात्रींच्या वेळीं नगरांत शिरत, माल दुसऱ्याच कोणाच्या घरीं उतरवीत, आणि दिवसा घायपाताच्या जाड्याभरड्या वस्त्रांत खालीं मान घालून वावरत. ज्यांच्या हातून सारीं रत्नें जात त्यांनींच रत्नें लपवावीं, ह्यांत त्या समाजाचा बराचसा स्वभाव दिसून येतो.

आस्तेकांच्या कितीतरी शतकें आधीं माया राज्यांत हाच नियम कोरीव शिल्पांतून आपल्याला दिसतो. राजा आणि राणी यांच्या कानांत फुलासारखीं पसरट जेडचीं चक्रें, गळ्यांत मण्यांच्या माळा, आणि कमरपट्ट्याला तीन तीन लोंबत्या पातळ पट्ट्या. ह्या पट्ट्या चालतांना एकमेकींवर आपटून किणकिणत असल्या पाहिजेत; राजा दिसण्याआधींच ऐकूं येत असेल. अशी एक पट्टी आज हॉलंडमधील लायडेन येथील संग्रहालयांत आहे. १८६४ मध्यें ग्वातेमालाच्या किनाऱ्याजवळ कालवा खणतांना ती सांपडली. तिच्या एका बाजूस नटलेला राजा असून त्याच्या पायांमागें हातपाय बांधलेला कैदी पडला आहे. दुसऱ्या बाजूस कोरलेली तिथि इ. स. ३२० मधील आहे. युद्धांत पकडलेल्या सरदाराची माया शिल्पांतील खूण कोणती, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. त्याच्या कानाच्या पाळींतील मोठ्या छिद्रांतून जेडचें चक्र काढून घेतलेलें असतें, आणि तेथें कागदाची किंवा कापडाची पट्टी ओंवलेली असते. मनुष्याला मारण्याआधीं त्याची प्रतिष्ठा कानांतून उपटून घेतलेली असे.

ह्या दगडाचें मोल त्याच्या रंगावर होतें तसें त्यावर खर्ची पडलेल्या श्रमावरही होतें. माया कारागिरांजवळ लोखंड नव्हतें. तांबेंही त्या प्रदेशांत फार उशिरां आलें, आणि तें जेडपुढें मेणासारखें. मग कापीत कसे? तर दोरीनें. ओली दोरी, तिच्यावर कठीण वाळूची पूड, आणि मागें-पुढें ओढणारे दोन हात. दोरी कापीत नाहीं, वाळू कापते. दोन्ही बाजूंनीं खांच पाडीत आणीत आणि मध्यें पातळ पडदा उरला कीं दगड ठोकून वेगळा करीत. त्या मोडीची कड आजही कित्येक दागिन्यांच्या पाठीवर दिसते. भोंक पाडावयाचें तर पोकळ वेत किंवा पक्ष्याचें हाड वाळूंत बुडवून गरगर फिरवीत. समोरासमोरचीं भोंकें मध्यावर भेटत, म्हणून मण्याचें छिद्र दोन नरसाळीं टोंकाला टोंक लावून ठेवल्यासारखें असतें. असा एक मणी घडविण्यास किती दिवस लागले असतील याचा हिशेब केला, तर एका माळेंत माणसाच्या आयुष्याचीं वर्षें ओंवलेलीं दिसतील. ग्वातेमालांतील कांक्वेन ह्या नदीकाठच्या माया नगरीच्या उत्खननांत असें आढळलें कीं, कापण्या-घासण्याचें प्राथमिक काम सामान्य लोकांच्या घरांतही चाले. अखेरचें कोरीव काम मात्र त्या घरांत होत नसे.

आतां आपण पालेंके येथें जाऊं. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील दाट रानांत हें माया नगर आहे. तेथील ‘शिलालेखांचें मंदिर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पायऱ्यांच्या उंच शिखरावरील देवळांत १९४९ च्या सुमारास आल्बेर्तो रुस लुइयेर हा पुराणवस्तुसंशोधक काम करीत होता. फरशीच्या एका मोठ्या शिळेला दगडी बुचें बसविलेलीं भोंकें असल्याचें त्याच्या नजरेस आलें. शिवाय देवळाच्या भिंती फरशीखालीं आणखी उतरत होत्या. शिळा उचलतांच खालीं जाणारा जिना लागला. पण तो दगडमातीनें गच्च भरलेला! तो उपसण्यांत चार हंगाम गेले. १९५२ च्या जूनमध्यें तळाशीं एक त्रिकोणी शिळा लागली आणि तिच्यापलीकडे एक दालन उघडलें. दालनांत कोरीव झांकणाची प्रचंड दगडी पेटी होती, व पेटींत एक सांगाडा.

तो पाकाल राजाचा होता, हें पुढें लिपि वाचतां येऊं लागल्यावर कळलें. इ. स. ६१५ मध्यें बाराव्या वर्षीं तो गादीवर बसला आणि ६८३ मध्यें वारला. त्याच्या कानांत जेडचीं चक्रें, गळ्यांत व छातीवर मण्यांचे सर, मनगटांवर मण्यांच्या पोंच्या, दहाही बोटांत अंगठ्या. एका हातांत जेडचा घन, दुसऱ्यांत जेडचा गोल. तोंडांत एक मणी. आणि चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा जुळविलेला मुखवटा, ज्याचे डोळे शिंपल्याचे व बुबुळें ज्वालाकांचेचीं. मला ह्या सर्वांहून निराळीच एक गोष्ट लक्षांत राहते. ह्या पेटीपासून निघून एक अरुंद पोकळ नळी जिन्याच्या कडेकडेनें वर देवळाच्या फरशीपर्यंत नेलेली आहे. जिना दगडमातीनें बुजवून टाकला, पण नळी उघडी ठेवली. तोंडांतील मणी श्वासाचा, आणि श्वासाला वाट म्हणून नळी, असा संबंध लावण्याचा मोह अनावर होतो.

ह्या मुखवट्याचें दुर्दैव तेराशें वर्षांनंतर ओढवलें. १९८५ च्या नाताळच्या रात्रीं मेक्सिको शहरांतील राष्ट्रीय संग्रहालयांतून शंभराहून अधिक अमोल वस्तु चोरीस गेल्या. त्यांत हा मुखवटा होता. चोरणारे कोणी निष्णात टोळीवाले नव्हते. शिक्षण अर्धवट सोडलेले दोन तरुण होते. १९८९ मध्यें मुखवटा परत मिळाला.

जेडचें हें वेड मायांनीं आरंभिलें नाहीं. त्यांच्या फार आधीं, आखाताच्या दलदलीच्या किनाऱ्यावर ओल्मेक लोकांची वस्ती होती. ला वेंता हें त्यांचें नगर इ. स. पूर्वीं ९०० ते ४०० च्या दरम्यान भरभराटींत होतें. तेथें १९५५ मध्यें एक विलक्षण पुरवण सांपडली. जेड व तत्सम दगडांच्या पंधरा लहान मूर्ति आणि खरबरीत दगडाची एक, अशा सोळा मूर्ति जणूं सभेला उभ्या असाव्यात तशा वाळूंत रोंवलेल्या, आणि मागें कुऱ्हाडीच्या पात्यांच्या आकाराचे सहा लांबट दगड खांबांसारखे उभे. सगळें पुरून वर जमीन केलेली. पण पुढें बऱ्याच काळानंतर कोणी तरी नेमक्या त्याच जागीं, मूर्तींचीं डोकीं दिसतील एवढाच खड्डा खणला, आंत पाहिलें, आणि कांहींही न हालवितां तो पुन्हां बुजविला. म्हणजे पुरलेली सभा कोठें आहे, ह्याची आठवण जमिनीवरच्या माणसांनीं जपून ठेविली होती. ज्या वस्तु कोणी पाहत नाहीं त्याही कोणाच्या तरी मानाच्या असूं शकतात!

उलटपक्षीं जेड हें वारसाहक्कानें फिरणारें धनही होतें. युकातान द्वीपकल्पांत चिचेन इत्सा येथें एक विस्तीर्ण नैसर्गिक विहीर आहे, तिच्यांत देवांना वस्तु अर्पण करीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं तिचा गाळ उपसला तेव्हां जेडचे ढिगावारी तुकडे निघाले. बहुतेक मुद्दाम तापवून फोडलेले. तात्याना प्रोस्कूर्याकॉफ ह्या रशियांत जन्मलेल्या विदुषीनें हे तुकडे वर्षानुवर्षें जुळविले आणि १९७४ मध्यें त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एका कोरीव मस्तकावर शेंकडों मैल दूर असलेल्या पिएद्रास नेग्रास नगरच्या राजाचा लेख होता. तो खडा तेथून निघून, कितीतरी हातांतून फिरून, अखेर ह्या पाण्यांत येऊन पडला होता. तो लुटला गेला, आंदण म्हणून दिला गेला कीं विकला गेला, हें त्या खड्यावर लिहिलेलें नाहीं.

एवढें ऐकल्यावर असें वाटेल कीं, सामान्य कुटुंबांत जेडचें नांवही नसे. पण अलीकडील शोध ह्या समजुतीला जरा धक्का देतात. एल साल्वादोरमधील होया दे सेरेन हें खेडें सातव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथल्या शेतकऱ्यांच्या घरांतून जेडच्या कुऱ्हाडी निघाल्या. बेलीजच्या किनाऱ्यावर, आज समुद्राखालीं गेलेल्या एका मिठागरांत, हेदर मॅककिलप ह्यांच्या तुकडीला उत्तम प्रतीच्या जेडाइटची एक पटाशी तिच्या लांकडी मुठीसकट मिळाली. हा शोध २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. तिचा मालक मीठ पिकविणारा मजूर असावा. म्हणजे दगड तोच. हत्यार म्हणून तो घरीं चाले, पण राजाचा अलंकार होण्यास त्याला कोरीव रूप आणि मिरविण्याचा अधिकार लागे. माझ्या मतें ह्या सबंध विषयांतील ग्यानबाची मेख येथेंच आहे.

स्पॅनिश विजयानंतर हें सर्व झपाट्यानें मावळलें. नव्या राज्यकर्त्यांना हवें होतें सोनें आणि रुपें. कारागीर गेले, आणि खाणीची जागा सांगणारेही गेले. एकोणिसाव्या शतकांत तर अशी वेळ आली कीं, अमेरिकेंत जेड सांपडतच नाहीं, तेव्हां तें आशियांतूनच आलें असलें पाहिजे, असें विद्वान् म्हणूं लागले. जर्मनींतील हाइन्रिख फिशर यानें १८७५ मध्यें ह्यावर मोठा ग्रंथ लिहिला. एका दगडावरून सबंध मानववंशाच्या स्थलांतराचा इतिहास रचला जात होता, आणि मेसोअमेरिकेच्या लोकांच्या पदरचें त्यांचें स्वतःचें रत्नही जातें कीं काय, अशी पाळी आली होती!

उत्तर मिळालें तें विसाव्या शतकाच्या मध्यावर. ग्वातेमालांतील मोतागुआ नदीच्या खोऱ्यांत रॉबर्ट लेस्ली यास जेडाइट आढळलें, आणि विल्यम फोशाग या खनिजशास्त्रज्ञासह त्यानें १९५५ मध्यें तें जाहीर केलें. तरीही ओल्मेकांचें तें निळसर, पाण्यासारखें पारदर्शक जेड कांहीं सांपडेना. १९९८ मध्यें मिच नांवाच्या भयंकर वादळानें त्या प्रदेशांत हाहाकार माजविला, दरडी कोसळल्या, ओढे फुगले आणि त्यांबरोबर खडकाचे मोठमोठे धोंडे खालीं आले. त्यांचा माग काढीत वर जातां जातां संशोधकांना ती निळी जातही डोंगरांत भेटली. बाहेरून ह्या धोंड्यांवर मळकट, तांबूस पापुद्रा असतो. फोडल्याशिवाय आंतलें हिरवेपण दिसत नाहीं.

बेर्नाल दिआसनें आपला इतिहास कोठें बसून लिहिला, हें सांगावयाचें राहिलें. त्याचें उतारवय ग्वातेमालांत गेलें. १५६८ च्या सुमारास त्यानें हस्तलिखित पुरें केलें आणि १५८४ मध्यें तो तेथेंच वारला. ज्या देशांत बसून त्यानें त्या चार खड्यांची हकीकत लिहिली, त्याच देशांतून मोतागुआ नदी वाहते; आणि त्या वेळींही तिच्या पात्रांत ते मळकट धोंडे पडलेले होते.